थीडा बाराला मारव्याची साथ

मूकपटाला हार्मोनियमची साथ करायची म्हटली की आयोजकांच्या मागण्या ठरलेल्या असतात: पळापळीला द्रुत, रडारडीला संथ. पुण्यातल्या एका फिल्म क्लबनं १९१५ चा 'अ फूल देअर वॉज' लावला, तेव्हा मात्र वेगळीच फर्माईश आली. "ती व्हॅम्प आहे ना, ती पडद्यावर आली की भीतीदायक काहीतरी वाजवा." पोस्टरवरचे काजळ फासलेले डोळे बघून त्यांनी बहुधा व्हॅम्पायरचे सुळेही गृहीत धरले होते.

रक्तबिक्त कुणी पीत नाही त्यात. व्हॅम्प झालेली थीडा बारा पैसेवाल्या पुरुषांना नादी लावते, पार निकामी करते आणि पुढचा गाठते. तिचा जन्म सहारात झाल्याच्या कंड्या चित्रपट काढणाऱ्या फॉक्स कंपनीनं पिकवल्या होत्या. बाई मूळच्या अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या, शिंप्याची लेक, थिओडोसिया गुडमन.

मी मारवा राग घेतला. कोमल रिषभ आणि धैवतावर रेंगाळायचं, षड्जावर, म्हणजे 'सा'वर, यायचं टाळत राहायचं. ऐकणाऱ्याला टेकायला जागा मिळत नाही. भीती नव्हे, बेचैनी हवी होती मला. बायको-मुलीच्या प्रसंगांना सरळ भूप. "अहो, बोटीच्या डेकवर मारवा?" तबलजी कुरकुरला, पण बसला.

सुरुवातीला लोक हसत होते. छाती पिटणं, डोळे फिरवणं, आज ते हास्यास्पदच दिसतं. मग तो डेकवरचा प्रसंग आला. तिनं देशोधडीला लावलेला जुना प्रियकर तिच्यावर पिस्तूल रोखतो. ती हसते आणि हातातल्या फुलानं पिस्तूल बाजूला सारते. तो स्वतःलाच गोळी घालून घेतो. मी भात्यावरचा हात काढला होता, त्यामुळे पुढच्या रांगेतल्या मुलीचं "आई गं, कसली आहे ही!" सगळ्यांना ऐकू गेलं. मागून शिट्टी आली. तिथून सभागृह तिच्या बाजूचं झालं. पुढे बायको मुलीला घेऊन नायकाला परत न्यायला येते, तेव्हा माझ्या भूपाकडे कुणाचं लक्षही नव्हतं.

फाळक्यांच्या १९१३ च्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये कमलाबाई गोखल्यांची मोहिनीही भुलवूनच भस्म करते. पण ती साक्षात विष्णू, देवांच्या कामावर आलेली. थीडाच्या पाठीशी कुणी नाही, आणि तिला त्याची गरजही वाटत नाही.

शेवटी ती पडलेल्या नायकावर पाकळ्या कुस्करून टाकते. संपलं. मी तिथेही षड्ज दिला नाही.

दिवे लागले तरी लोक बसूनच. "शेवटचं रीळ राहिलं का हो?" आयोजकांनी हळूच विचारलं. राहिलं नव्हतं. तिला शिक्षा होतच नाही.

"मग पुढं काय झालं तिचं?" एका काकांना काही चैन पडेना. चित्रपटातल्या बाईचं मला काय ठाऊक? मी नटीचं सांगितलं. चाळीसेक चित्रपट केले तिनं. बहुतेक सगळे १९३७ साली न्यू जर्सीत फॉक्सच्या गोदामाला लागलेल्या आगीत गेले. नायट्रेटची फिल्म, पेटली की पाण्यानंही विझत नाही. तिच्या 'क्लिओपात्रा'चे जेमतेम तुकडे उरलेत.

"म्हणजे झालीच की शिक्षा!" काका खूश.

त्या आगीत फॉक्सच्या सोज्ज्वळ नायिकाही जळाल्या, असं मी म्हटलं खरं, पण तोवर ते वड्याच्या रांगेत पोचले होते.