तुम्ही विचारलेत म्हणून: एवढी शिस्त येते कुठून?

ठरलेल्या वेळी झोपणे, ठरलेल्या वेळी उठणे आणि संध्याकाळी अर्धा तास चालणे, एवढेच मी करते. तरीही 'तुम्हाला हे जमते तरी कसे?' असे मला सतत विचारले जाते, आणि माझे बोलणे पुरे होण्याआधीच 'तुमच्यात जिद्द आहे, आमच्यात नाही' असा निकालही लागतो. तो मला मान्य नाही, म्हणून एकदा नीट लिहिते.

माझी जिद्द चारचौघांसारखीच आहे. ऑफिसमधून आल्यावर बसले तर मला उठवत नाही, म्हणून मी बसत नाही. पर्स ठेवते, बूट बदलते आणि बाहेर पडते. अमुक झाले की लगेच तमुक करायचे, अशी सांगड आधीच घातली तर ठरवलेले हातून होण्याची शक्यता वाढते, हे पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने 1999 साली सविस्तर मांडले आहे.

'21 दिवस नेट लावा, सवय लागेल' या सल्ल्यावर मात्र माझा खरोखर राग आहे. मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनने 1960 साली नोंदवले होते ते हे, की बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान 21 दिवस लागतात. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांच्या नव्या सवयींचा 12 आठवडे मागोवा घेतला, तेव्हा ती कृती अंगवळणी पडण्याचा काळ 18 पासून 254 दिवसांपर्यंत निघाला (12 आठवड्यांपलीकडचे आकडे गणिताने काढलेला अंदाज आहेत), आणि मध्यक 66 दिवसांचा. तीन आठवड्यांत जमले नाही म्हणून स्वतःला नालायक ठरवणारी माणसे मी पाहिली आहेत. त्यांना हे आकडे कोणी सांगत नाही.

आता ज्या गोष्टीमुळे हा प्रश्न मला बोचतो, ती सांगते. आई शेवटच्या आजारात अंथरुणाला खिळली होती. कूस बदलणे, औषधे, रात्रीचे जागरण हे सारे मी आणि भाऊ वाटून करत होतो, आणि संध्याकाळी तो आला की अर्धा तास मी चालायला जात असे. एकदा मी बूट घालत असताना, भेटायला आलेल्या एका नातेवाईक बाईंनी आईला ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, "आई अशी पडलेली असताना तुला फिरायला जायचे सुचते तरी कसे?" भाऊ काही बोलला नाही. आईने डोळे मिटून घेतले होते. ती झोपली होती की तिने ऐकले होते, हे मी नंतरही तिला विचारू शकले नाही. मी गेले. त्या दिवशी चालताना मला रस्ता दिसत नव्हता, आणि परतल्यावर मी नेहमीसारखी तिची कूस बदलली, तेव्हा माझे हात दुपारच्या मानाने स्थिर होते, हेही खरे आहे.

त्याआधीची मी वेगळी होते. एका दिवसाचा खाडा म्हणजे पराभव, असे मी मानत असे. ती पूर्वीची मी मला आज सांगेल की त्या संध्याकाळी तू नेम मोडला नाहीस, हेच योग्य झाले. मला ते पटत नाही. लॅली यांच्याच अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नव्हता. म्हणजे मी थांबले असते तरी नेम टिकला असता. मग मी गेले ती नेमासाठी नाही, तर त्या घरात पुढची रात्र काढता यावी म्हणून. पण हे उत्तर मी त्या बाईंना तेव्हाही देऊ शकले नसते आणि आजही ते मला पुरेसे वाटत नाही.

एवढे मात्र ठामपणे सांगते, की तो अर्धा तास मला भावामुळे मिळत होता. ज्यांच्या घरी आजाऱ्यापाशी बसायला दुसरे कोणीच नसते, त्यांच्या दिवसात अशी सांगड नेमकी कुठे घालायची, हे मला सांगता येत नाही. त्यांच्यासमोर माझे उदाहरण ठेवू नका, आणि माझ्या नावाने त्यांना शिस्त शिकवू नका.