स्टॉकहोमच्या पोटात पंचाहत्तर मिनिटं

"डिसेंबरात कोणी स्टॉकहोमला येतं का, मावशी?" असं भाचीने फोनवरच सुनावलं होतं. पण सुट्टी तेव्हाच मिळाली, गेले. दुपारी तीनच्या आत सूर्य मावळतो, आणि मावळण्याआधी तो दिसेलच याची खात्री नाही. फुटपाथवर बर्फाचा काळा रबडा. माणसं माना खाली घालून भराभर चालतात. मला तर पहिल्याच दिवशी घरी परतावंसं वाटायला लागलं.

"वर काही नाही बघण्यासारखं, खाली चल," म्हणून भाचीने मला मेट्रोत नेलं. एक तिकीट 75 मिनिटं चालतं. तेवढ्या वेळात कितीही वेळा उतरा, चढा.

टी-सेंट्रालेन म्हणजे इथलं दादर. सगळे मार्ग इथे एकत्र येतात आणि गर्दी धो धो वाहत असते. निळ्या मार्गाच्या फलाटाकडे सरकत्या जिन्याने खाली उतरलो, तर डोक्यावर खडकाची ओबडधोबड कमान. बोगदा खोदल्यावर त्यांनी खडक फरशीने झाकलाच नाही, वर नुसतं काँक्रीट फवारलं. त्यावर पेर ओलोफ उल्टवेड्ट या चित्रकाराने 1975 मध्ये पांढऱ्यावर निळ्या वेली, पानं, फुलं रंगवली. घाईगर्दीच्या जागी जिवाला जरा शांत वाटावं म्हणून निळा रंग. मला खरंच वाटलं. ओढलेले खांदे आपोआप सैल झाले.

पण मी जास्त वेळ रेंगाळले ती एका कमानीखाली. तिथे वेली नाहीत, माणसं आहेत. हे स्टेशन बांधणाऱ्या कामगारांच्या निळ्या सावल्या, अवजारांसकट. आपल्याकडे कोनशिलेवर उद्घाटकाचं नाव असतं; खोदणाऱ्याला छतावर जागा दिलेली मी तरी कुठे पाहिली नव्हती.

लाल मार्गावर पुढचंच स्टेशन एस्टरमाल्मस्टोरी. इथे रंग जवळपास नाहीतच. सीरी डर्कर्ट या चित्रकर्तीने 1965 मध्ये, वयाच्या सत्तरीनंतर, भिंतीच्या काँक्रीटमध्ये रेषा कोरून घेतल्या. विषय शांतता आणि स्त्रियांचे हक्क. गाडीची वाट बघताना प्राचीन ग्रीक कवयित्री सॅफोपासून इंग्लिश लेखिका व्हर्जिनिया वुल्फपर्यंतची नावं वाचत बसता येतं. त्याच्या पुढचं स्टाडियोन म्हणजे 1912 च्या ऑलिंपिक स्टेडियमचं स्टेशन. आकाशी रंगवलेल्या गुहेत भलंमोठं इंद्रधनुष्य. वर दिवसभर न दिसलेलं आकाश जमिनीखाली सापडलं! शेजारची एक छोटी मुलगी दरवेळी नवा रंग बघितल्यासारखी बोट दाखवत होती. तिची आई मोबाइलमध्ये होती. रोजचं असलं की असंच होणार, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. संग्रहालयात वेळ काढून जावं लागतं. हे कामावर जाता-येता आपसूक अंगावरून जातं. शंभर स्टेशनांपैकी नव्वदहून अधिक ठिकाणी काही ना काही कला आहे.

कुंगस्ट्रेडगोर्डेन स्टेशनात जुन्या राजवाड्याच्या भग्न मूर्ती मांडल्यात आणि खडकातून पाणी झिरपतं. तिथे एक कोळी राहतो म्हणे, स्वीडनमध्ये दुसरीकडे कुठेच न आढळणारा. मी बराच शोधला, दिसला नाही.

शेवटी सोल्ना सेंट्रुम. तोवर तिकीट संपत आलं होतं. छत रक्तासारखं लाल, खाली हजार मीटर लांबीचं हिरवंगार सूचिपर्णी जंगल. त्यात तोडलेली झाडं, ओस पडत चाललेली खेडी, सत्तरच्या दशकातल्या स्वीडनच्या सगळ्या काळज्या. सरकत्या जिन्यावर त्या लाल तोंडात शिरताना माझ्या पोटात गोळाच आला. मन प्रसन्न वगैरे अजिबात नाही. रात्रीच्या शेवटच्या गाडीने मी इथे एकटी उतरणार नाही.

भाचीला मात्र हेच सगळ्यात आवडतं. "निळ्या स्टेशनात मी कधी थांबतच नाही," ती म्हणाली, "इथे थांबते." घरी पोहोचेपर्यंत आमचा त्यावर वाद चालू होता.