ग्लारुसची उलटी उतरंड: लोखसिटे आणि इलाइटचं शिखर

झुरिचहून त्सीगेलब्रुकेमार्गे लिंथालकडे जाणाऱ्या लोकलने स्वित्झर्लंडच्या ग्लारुस प्रांतातल्या श्वांडेनला उतरलो की लोखसिटेची दरड, म्हणजे खडकाचा उघडा कडा, पायी गाठता येते. 2023 च्या ऑगस्टअखेर या गावावर मोठं भूस्खलन झालं होतं, म्हणून वाटा खुल्या आहेत ना ते निघण्याआधी पाहा.

दरडीत वर पर्मियन काळातला व्हेरुकानो (गोटे-वाळू-चिखलाचा खडक), खाली त्याहून सुमारे 20 कोटी वर्षांनी तरुण फ्लिश (समुद्रतळावरच्या वाळू-चिखलाच्या थरांचा खडक) आणि मधे चुनखडकाचा पातळ पट्टा. जुना खडक नव्यावर चढलाय हे इथे डोळ्यांनी दिसतं. पण आम्ही गेलो ते न दिसणाऱ्या गोष्टीसाठी. भूशास्त्रज्ञ मार्टिन फ्राय यांनी 1988 मध्ये इलाइट या चिकणमातीतल्या अभ्रकासारख्या खनिजाच्या मोजमापांवरून दाखवलं की इथे रूपांतरणाची (उष्णतेने-दाबाने खडक बदलण्याची) उतरंडही उलटी आहे: जास्त तापलेला खडक वर, कमी तापलेला खाली. म्हणजे व्हेरुकानो आधी तापला आणि मग सरकत येऊन फ्लिशवर बसला.

याचा पुरावा चिकणमातीच्या खनिजांत आहे. आपल्या रेगूर मातीत फुगणारं स्मेक्टाइट असतं. तसं स्मेक्टाइट खोल गाडलं जाऊन तापलं की त्याचं हळूहळू इलाइट होतं. इलाइटचे स्फटिक जाड आणि नेटके होत गेले की एक्सआरडीवरचं, म्हणजे क्ष-किरण विवर्तनाच्या आलेखावरचं, 10 अँगस्ट्रॉमचं शिखर अरुंद होतं. त्याची निम्म्या उंचीवरची रुंदी म्हणजे क्युब्लर निर्देशांक. 0.42 अंश टू-थीटाच्या (आलेखावरचं कोनाचं माप) वर निव्वळ डायजेनेसिस (रूपांतरणाआधीचा बदल), 0.42 ते 0.25 अँकिझोन (अगदी सौम्य रूपांतरण), त्याखाली एपिझोन (त्याहून जास्त तापलेला खडक).

लोखसिटेवर हातोडा अजिबात चालवू नका, ते संरक्षित स्थळ आहे. नमुने दुसरीकडून, परवानगी घेऊनच घ्या. मुठीएवढा, ताजा, बारीक कणांचा शेल किंवा स्लेट हवा. वाळू जास्त असेल तर मूळ खडकातून वाहून आलेला अभ्रक मिसळतो आणि शिखर फसवं अरुंद दिसतं. व्हेरुकानोत हा धोका मोठा, म्हणून त्यातले तांबडे-जांभळे बारीक थरच निवडा.

प्रयोगशाळेत सगळ्यात जास्त नुकसान दळण्यात होतं. चक्की दोन-तीन मिनिटांपलीकडे गेली की स्फटिक तुटतात आणि रुंदी वाढते. चुना काढायला हायड्रोक्लोरिक नको, ते खडकातलं क्लोराइट हे खनिज खातं. सौम्य ॲसेटिक वापरा. मग भुकटी पाण्यात नीट विरघळवून नव्हे, तर विखुरवून ठेवा: 20 अंश सेल्सिअसला साधारण चार तासांनी वरच्या 5 सेंटिमीटरमध्ये 2 मायक्रॉनहून बारीक कणच उरतात. तेच काचपट्टीवर पसरून सुकू द्या. दर चौरस सेंटिमीटरला निदान 3 मिलिग्रॅम थर हवा; पातळ थराचे आकडे भरवशाचे नसतात.

प्रत्येक पट्टी आधी हवेत वाळवून एक्सआरडीवर चालवा, मग एथिलीन ग्लायकॉलच्या वाफेत रात्रभर ठेवून पुन्हा चालवा. शिखर अरुंद झालं तर फुगणारे थर अजून शिल्लक आहेत. 9.6 अँगस्ट्रॉमजवळ खांदा दिसला तर पॅरागोनाइटचा (सोडियमयुक्त अभ्रक) संशय घ्या. तो रुंदी उगाच फुगवतो. आणि आपल्या यंत्राचा आकडा थेट 0.42 शी लावू नका: वॉर आणि राइस यांचे 1994 चे प्रमाण नमुने (रुंदी आधीच ठाऊक असलेले) त्याच मांडणीत चालवून आधी दुरुस्ती काढा, मगच वरच्या-खालच्या खडकांची तुलना करा.