दोघं नक्की कशावर भांडतायत?

एलसॅटची, म्हणजे अमेरिकेतल्या लॉ स्कूलच्या प्रवेशपरीक्षेची, तयारी मी सांगलीतच केली, विश्रामबागच्या एका अभ्यासिकेत. आजूबाजूला सगळी एमपीएससीची पोरं. अर्ज, फी, पासपोर्ट सगळं सुरळीत झालं. अडलं ते लॉजिकल रीझनिंगमधल्या एकाच प्रकाराशी: दोन तज्ज्ञ आपापलं बोलतात, आणि त्यांचा मतभेद नेमका कशावर ते पाच पर्यायांतून ओळखायचं.

आणि राग आला तो ज्या ऑनलाइन क्लासला पैसे भरले होते त्याचा. अमुक पर्याय चूक का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘आउट ऑफ स्कोप’. अहो, स्कोप कुठे संपतो तेच तर विचारतोय! परत विचारलं की परत त्याच व्हिडिओची लिंक.

शेवटी वैतागून मीच एक प्रश्न रचला, आपल्या पुरावर.

पहिला तज्ज्ञ: २०१९ ला सांगली बुडाली ती कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्यामुळे. धरणातून विसर्ग आधीच वाढवला असता तर पाणी एवढं चढलं नसतं.

दुसरा: पाणलोटात थोड्या दिवसांत अफाट पाऊस झाला, पूररेषेत बांधकामंही वाढलीत. विसर्ग आधी वाढवला असता तरी आयर्विन पुलापाशी पातळी तेवढीच गेली असती.

पर्याय: (१) पाणलोटात अफाट पाऊस झाला. (२) अलमट्टीची उंची वाढवू नये. (३) सांगलीत मोठा पूर आला. (४) विसर्ग लवकर वाढवला असता तर पातळी कमी राहिली असती. (५) पूररेषेतली बांधकामं पाडावीत.

शेजारच्या एमपीएससीवाल्याला दिला. त्यानं क्षणात दोनवर बोट ठेवलं. “भांडण त्याच्यावरच चाललंय की!” चाललंय, पण जिल्ह्यात, या दोघांत नाही. उंचीबद्दल दोघांपैकी कुणी अवाक्षर काढलेलं नाही. पेपरात काय येतं, त्या पुराचा अभ्यास करणाऱ्या वडनेरे समितीनं अलमट्टीला दोषी धरलं नाही, हे सगळं इथे बाजूला ठेवायचं. आपण सांगलीकर असणं हाच इथे तोटा.

खरा चकवा पहिल्या पर्यायात आहे. दुसरा तज्ज्ञ पावसावर जोर देतो, म्हणून पहिला तज्ज्ञ पाऊस नाकारतोय असं वाटतं. पण तो पावसाबद्दल बोललेलाच नाही. अफाट पाऊस झाला हे मान्य करूनही तो धरणाला दोष देऊ शकतो. आपल्याकडे मौन म्हणजे संमती. या परीक्षेत मौन म्हणजे काहीच नाही, होही नाही आणि नाहीही नाही.

म्हणून वहीत प्रत्येक पर्यायापुढे दोन रकाने आखायला लागलो, एकेका तज्ज्ञाचा. हो, नाही किंवा गप्प, एवढंच लिहायचं. एकाचं हो आणि दुसऱ्याचं नाही, तेच उत्तर. वरच्या प्रश्नात तसा फक्त चौथा. तिसऱ्यावर दोघांचं हो, पाचव्यावर दोघं गप्प. आणि ‘हो’ लिहिताना त्या तज्ज्ञाच्या कुठल्या वाक्यावरून लिहिलं त्यावर बोट ठेवता आलं पाहिजे. नाहीतर ते आपलं मत, त्याचं नव्हे.

राहिलंच, जुनी पुस्तकं घेऊ नका. ऑगस्ट २०२४ पासून लॉजिक गेम्स, म्हणजे कोड्यांचा सेक्शन, गेले, गुण मिळणारे लॉजिकल रीझनिंगचे सेक्शन दोन झाले. त्यामुळे हा प्रकार ऑप्शनला टाकून चालत नाही. सेक्शनला ३५ मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला दीडेक मिनिट; तिथे रकाने आखत बसता येत नाही, ते आधी डोक्यात बसलेले हवेत. निगेटिव्ह मार्किंग नाही, तेव्हा कोरं काही सोडू नका.

आणखी एक. ‘सगळे’ म्हणणाऱ्याला खोडायला ‘कुणीच नाही’ म्हणावं लागत नाही, ‘काही नाहीत’ एवढं पुरतं. पर्यायात टोकाचा शब्द दिसला की तो खरंच तज्ज्ञाच्या तोंडी होता का, ते बघा.

रकान्यांचा फोटो मी त्या क्लासला पाठवला होता. उत्तर आलं: ‘ग्रेट क्वेश्चन!’ आणि खाली तीच लिंक.