चालून आले!

"दमलीस? अगं, आम्हीपण दमतो." आज लिफ्टमध्ये ऐकलेलं वाक्य. उत्तर द्यायचं त्राण नव्हतं, हसून सोडून दिलं.

मला ल्युपस आहे, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते तो आजार. त्याचा थकवा झोपून जात नाही हो. सकाळी केस विंचरायला हात वर धरला की दंड भरून येतात. मग पलंगाच्या कडेला बसायचं आणि उरलेली वेणी कोपर मांडीवर टेकवून घालायची. बरं, रिपोर्ट चांगले आले तरी हा असतोच. हिमोग्लोबिन, थायरॉईड, व्हिटॅमिन डी, सगळं तपासून झालंय. शेवटी डॉक्टर म्हणाल्या, चालायला लागा. दमलेल्या माणसाला व्यायाम सांगायचा म्हणजे चेष्टाच! पण युलार या युरोपातल्या संधिवात संघटनेच्या २०२३ च्या शिफारशींतही ल्युपससाठी व्यायाम आहेच.

तर आज दिवेलागणीला निघाले. ऊन मला चालत नाही, गालांवर लगेच चट्टे उठतात. कोपऱ्यावरच्या मेडिकलपर्यंत जाऊन परत, तेही चालताना गप्पा मारता येतील एवढ्याच वेगात. परतताना पाय हलके वाटत होते, अजून एक फेरी मारावी असं फार वाटलं. नाही मारली. बऱ्या दिवशी हौसेनं जास्त केलं की पुढचे दोन दिवस अंथरूण ठरलेलं. घरच्यांना हे गणित अजून पटत नाही.

सांधे सुजलेले असतील त्या दिवशी मात्र सुट्टी, कोणी काही म्हणो.

इथे कोणाला ल्युपस आहे का? तुम्ही कधी चालता, पहाटे की संध्याकाळी?