नावाड्याची शिवी

मंगळवार, रात्री साडेअकरा

सकाळपासून एका शब्दावर अडकले आहे. कल्पित जगात घडणाऱ्या माझ्या कादंबरीचं सातवं प्रकरण. पुराच्या पाण्यात नाव काठाला लावताना नावाड्याचा अंगठा फळी आणि दगडाच्या मध्ये सापडतो, नख मुळापासून उचकटतं. 'आई गं' म्हणून गप्प बसणारा हा माणूस नव्हे. पहिल्या खर्ड्यात मी त्याच्या तोंडी 'च्यायला' घातलं होतं आणि लिहिताना मला ते जराही खटकलं नव्हतं. संध्याकाळी मैत्रिणीला वाचून दाखवलं, तर तिने तिथेच थांबवलं. "अगं, हा आत्ता एसटीतून उतरला की काय?"

तिचं बरोबर होतं. अमेरिकन लेखिका अर्सुला ले ग्विन यांनी १९७३ च्या एका निबंधात अशीच परीक्षा घेतली होती. एका अद्भुत कादंबरीतला संवाद घेतला, मोजके शब्द बदलले आणि तो थेट वॉशिंग्टनच्या राजकारण्यांचा झाला. माझा नावाडी तर एकही शब्द न बदलता स्टँडवर उभा होता.

'च्यायला' म्हणजे 'त्याच्या आयला' झिजून उरलेला तुकडा. हातातून पेन पडलं तरी आपण तो म्हणतो, आई मनातही येत नाही. पण शब्दाच्या पोटात ती आहेच, आणि तिच्या अब्रूला अख्ख्या घराची अब्रू टांगणारा समाजही आहे. माझ्या नदीवरच्या लोकांत मूल नावेचं असतं. कुठल्या नावेवर वाढलास एवढंच विचारतात, कुणी जन्म दिला हे विचारायची रीतच नाही. तीन प्रकरणं खपून मी हे उभं केलं आणि एका शिवीनं ते आडवं झालं. 'रांडेच्या' तर मी तिकडे नेणारच नाही. विधवा आणि वेश्या या दोघींना एकाच शब्दात कोंबणाऱ्या समाजाचा तो शब्द आहे. ज्या जगात वैधव्यच नाही तिथे तो कुठून उगवेल?

उलट बाजूचं म्हणणंही मला पटतं. 'डेडवूड' ही २००४ साली सुरू झालेली मालिका १८७० च्या दशकातल्या अमेरिकेतल्या, सोनं शोधणाऱ्यांच्या वस्तीवर आहे. त्या काळच्या जहाल शिव्या देवाधर्मावरून असायच्या. आजच्या कानाला त्या हास्यास्पद वाटतील म्हणून मालिकेचे लेखक डेव्हिड मिल्च यांनी सरळ आजच्या शिव्या वापरल्या. शिवी ऐकणाऱ्याला लागली पाहिजे, हे खरंच. पण त्यांच्या माणसांचा समाज इतिहासात होऊन गेलेला आहे, माझ्या माणसांचा समाज मला शब्दाशब्दातूनच उभा करायचा आहे.

दुपारी गधेगाळ आठवली, म्हणजे शिवी कोरलेली दानाची शिळा. कोकणात एका देवळामागे पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी मान वळवून पुढे गेले होते. वर सूर्य-चंद्र, खाली गाढव आणि बाई. दिलेलं दान जो मोडेल त्याच्या आईला ती शिवी. परळच्या बाराव्या शतकातल्या शिलालेखात, शिलाहार राजा अपरादित्याच्या काळात, ती मराठी शब्दांत कोरलेली आहे आणि आजही चारचौघांत मोठ्यानं वाचता येत नाही. राजाच्या दानाचं रक्षण करायला शिवी उभी केलेली! त्या लोकांना जमीन किती मोलाची होती आणि कोणता अपमान सहन होण्यापलीकडचा होता, दोन्ही त्या दगडावर दिसतं.

आजी चिडली की म्हणायची, "मेल्या, पटकी आली तुला!" गावात पटकी, म्हणजे कॉलरा, कुणाच्या आठवणीतही राहिली नव्हती, पण भीती शिवीत राहून गेली होती.

मग माझे नदीवरचे लोक कशाला भितात? ते मढं काठावर जाळतात. जे पाण्यानं वाहून नेलं त्याला पूर्वजांत जागा नाही. म्हणजे 'बिनकाठ्या' ही त्यांची शिवी, आणि 'तुझं मढं वाहो' हा शाप. स्वयंपाकघरात उभी राहून दोन्ही मोठ्यानं म्हणून पाहिले. भांडणात 'बिनकाठ्या' चांगला जातो, 'बिनडोक्या'च्या चालीवर आपोआप जिभेवर बसतो. पण नख निघाल्यावर एवढा लांब शब्द कोण उच्चारेल? तिथे दातांमधून निसटेल असंच काहीतरी हवं. गू-मुताचे शब्द मी खुशाल ठेवले आहेत, शरीर कुठल्याही जगात तेच. इथे मात्र ते पुरेनात.

शेवटी दोन गोष्टी बदलल्या. शिवी दोराला दिली, आणि नावेत त्याचा शिकाऊ पोरगा बसवला. आता तो भाग असा आहे:

"मढं वाहो या दोराचं!" अंगठा काखेत दाबून तो खाली बसला. पोराच्या हातातलं वल्हं थांबलं. रक्ताकडे न बघता तो म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिला. पाण्यावर असताना तो शब्द कुणी काढत नाही.