दीन महंमद आणि जेनबाई

रविवार, रात्री.

दुपारची फीस्ट आटोपली, संध्याकाळी खानावळ बंद, म्हणून वाचायला निवांत वेळ मिळाला. अठराव्या शतकात पाटण्याहून विलायतेत गेलेल्या दीन महंमद यांच्याविषयी वाचत होते आणि एका जाहिरातीपाशी अडकले ती अडकलेच.

1813 साली लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये आलेली छोटीशी जाहिरात. हिंदोस्तानी कॉफी हाउसचे पूर्वीचे चालक महंमद यांना एखाद्या घरंदाज कुटुंबात बटलरची नोकरी हवी आहे. बाजारहाट उत्तम जमते, मुदपाकखाना सांभाळता येतो.

याच माणसाने तीनच वर्षांपूर्वी, 1810 मध्ये, पोर्टमन स्क्वेअरजवळ जॉर्ज स्ट्रीटवर हे हॉटेल थाटलं होतं. हिंदुस्तानी माणसाने इंग्लंडात काढलेलं ते पहिलं. बांबूची आसनं, भिंतींवर हिंदुस्तानातली चित्रं, हुक्का ओढायला वेगळी खोली, आणि अशी करी इंग्लंडात कुठे झाली नाही असा दावा. 1812 मध्ये दिवाळं निघालं.

का निघालं, ते धंद्यातल्या माणसाला लगेच उमगतं. ईस्ट इंडिया कंपनीची चाकरी करून परतलेले साहेब त्या भागात राहायचे, म्हणून जागा तिथे घेतली. पण त्यातल्या अनेकांच्या घरीच हिंदुस्तानी जेवण रांधणारे नोकर होते. व्यापाऱ्यांना सिटीतली, म्हणजे लंडनच्या व्यापारी पेठेतली, जुनी कॉफी हाउसं जवळ पडत. सजावटीत पैसा अडकलेला, भाडं बड्या वस्तीचं. गिऱ्हाईक तोंडभर कौतुक करून जातं आणि पुन्हा फिरकायला महिना लावतं. असल्या कौतुकावर वाण्याची उधारी फिटत नाही. आमची खानावळ तगली ती रोज त्याच बाकावर येऊन बसणाऱ्या मेंबरांवर.

त्या जाहिरातीत ‘बाजारहाट’ हा गुण त्यांनी आवर्जून सांगितला, याने मला भरून आलं. हॉटेल गेलं, भांडवल गेलं, पण चांगला माल पारखून घेण्याची नजर कोणी जप्त करू शकत नाही. आणि ती विकायला ते लाजले नाहीत. घरात बायको होती, पोरं होती.

बायको म्हणजे जेन डेली, आयरिश. पाटण्याचा हा मुलगा पोरवयात कंपनीच्या बंगाल फौजेत कॅप्टन बेकरच्या आश्रयाला गेला आणि 1784 मध्ये त्याच्याबरोबर आयर्लंडात कॉर्कला पोचला. 1786 मध्ये दोघांनी पळून जाऊन लग्न केलं. 1794 मध्ये दीन महंमदांनी आपल्या प्रवासांवर इंग्रजीत पुस्तक काढलं. हिंदुस्तानी माणसाचं इंग्रजीतलं ते पहिलं पुस्तक. या ‘पहिलं’च्या यादीत जेनबाईंना जागा नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

कारण पुढचा संसार दोघांनी मिळून उभा केला. 1814 च्या सुमारास मंडळी ब्रायटनला गेली. तिथे समुद्रकाठी वाफेचं स्नान आणि चंपी-मालिश सुरू झाली. चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम, दोन्ही राजांची नेमणूक मिळाली. बायकांचा विभाग जेनबाई पाहत. त्या नसत्या तर निम्मं गिऱ्हाईक दारातूनच परत गेलं असतं! आमच्याकडेही गल्ल्यावर बाबा दिसायचे, पण कुणाचे किती खाडे झाले, कुणाला तिखट सोसत नाही, कोण गावाहून कधी परतणार, हे सगळं आईच्या डोक्यात असायचं. नवा मेंबर पैसे बाबांच्या हाती देई. दुसऱ्या महिन्यात टिकला तर तो आईमुळे.

त्यांचा नातू फ्रेडरिक अकबर महंमद लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलात डॉक्टर झाला. मूत्रपिंडं धड असतानाही रक्तदाब वाढलेला असू शकतो, हे त्याने दाखवून दिलं. 1884 मध्ये, पस्तिशीतच, तो गेला.

जॉर्ज स्ट्रीटवर 2005 मध्ये हॉटेलाच्या आठवणीची पाटी लागली. भाची लंडनला असते. तिला मघाशीच लिहिलं, ती पाटी बघच, पण एक दिवस काढून ब्रायटनलाही जा. सेंट निकोलस चर्चच्या आवारात नवरा-बायको दोघांची कबर आहे. फोटो काढशील तेव्हा जेनबाईंचं नाव नीट वाचता येईल असा काढ.